एका मोज्याचे सहा मालक

"लघवीला जायचं तर दोन कंपन्या ओलांडायच्या आणि तिसरीत जाऊन बसायचं. उद्या पोट बिघडलं तर बहुतेक परदेशी जायचे कागद करावे लागतील."

हे वन्सं माझ्या कानाला तोंड लावून म्हणाली. मशिनांच्या आवाजात त्याशिवाय ऐकू येत नाही. वन्सं म्हणजे माझी धाकटी नणंद. मी लग्न होऊन आले तेव्हा ती शाळेत होती आणि मला कामं सांगायची, म्हणून चिडवायला मी तिला वन्सं म्हणायला लागले. हाक तेवढी मानाची, बाकी सगळं अगंतुगं. तिच्या अंगात हिरवा एप्रन होता आणि हातात पास. पास दाखवल्याशिवाय पिवळी रेघ ओलांडायची नाही, असा नियम. रेघ जमिनीवर रंगानं मारलेली. अलीकडे एक कंपनी, पलीकडे दुसरी. मध्ये भिंत नाही, दार नाही, साधी दोरीसुद्धा नाही.

"हळू बोल," मी म्हटलं. "तुझ्या मालकाला ऐकू जाईल."

"माझ्या मालकाच्या चड्ड्या मी वाळत घातल्यात," वन्सं म्हणाली आणि पास हलवत पुढे गेली.

तिचा मालक म्हणजे तिचा सख्खा भाऊ. म्हणजे माझा नवरा. हे कसं झालं ते सांगते.

हा कारखाना मोज्यांचा. पूर्वी सरकारी होता. तेव्हा आम्ही दोनच रंगांचे मोजे काढायचो, एक राखाडी आणि एक जरा जास्त राखाडी. लोक नावं ठेवायचे आणि घालायचे. मग सुधारणा आली. टीव्हीवर रोज संध्याकाळी चांगल्या कपड्यांतली माणसं सांगायची की मोजे विणणं हे सरकारचं काम नाही. पटण्यासारखं होतं. सरकारचं काम काय, ते मात्र कोणी सांगितलं नाही. कारखान्याचा लिलाव झाला. बोली लावणारा एकच होता, आणि अटीतटीच्या सामन्यात तोच जिंकला. लिलाव समितीच्या अध्यक्षांचा जावई. आम्ही त्यांना जावईबापू म्हणतो. तोंडावर साहेब.

जावईबापूंनी कारखाना आधी दोन वर्षं बंद ठेवला, का ते त्यांनाच ठाऊक. मग निम्म्या माणसांना परत बोलावलं, आणि पेपरात छापून आलं की खासगी क्षेत्रानं आमच्या गावात शंभरावर नव्या नोकऱ्या निर्माण केल्या. नव्या! मी त्याच स्टुलावर परत बसले होते ज्यावर माझं तारुण्य गेलं. स्टुलाचा एक पाय आखूड आहे. तोही नव्यानं रुजू झाला.

त्यानंतर दुसरी सुधारणा आली. लहान उद्योगांना मोकळा श्वास घेऊ द्या, असं काहीतरी तिचं नाव होतं. ज्या कंपनीत वीसपेक्षा कमी माणसं, तिला सगळं माफ. माणूस काढायला परवानगी नको, पाळणाघर नको, आजारपणाची रजा नको, काही वर्षं करही नको. अशा कंपन्या जितक्या जास्त, तितकं सरकारला परदेशातून कर्ज मिळणं सोपं. कायदा करणाऱ्यांना वाटलं असेल, आता गल्लोगल्ली उद्योजक उगवतील. जावईबापूंनी कायदा नीट वाचला आणि पिवळ्या रंगाचे डबे मागवले.

एका रविवारी हॉलच्या जमिनीवर पाच रेघा मारून झाल्या. सोमवारी आम्ही सहा कंपन्यांत कामाला आलो.

पाऊल एक, पाऊल दोन, अशी त्यांची नावं. पाऊल एक सूत गुंडाळते. पाऊल दोन मोजा विणते. विणून निघालेला मोजा पुढून उघडा असतो, बोटं बाहेर येतील असा. पाऊल तीन त्याचं तोंड शिवते. पाऊल चार त्याला गरम लोखंडी पायावर चढवून आकार देते. पाऊल पाचमध्ये आम्ही जोड्या लावतो. पाऊल सहा खोक्यांत भरते, आणि संडासही त्यांच्याच हद्दीत. प्रत्येक रेघेवर एक कंपनी तोच मोजा दुसरीला विकते. बिचारा पायात जायच्या आधी पाच वेळा विकला जातो. देशाचा व्यापार वाढला म्हणतात ना, तो असा वाढला.

सहा कंपन्यांना सहा मालक हवेत. ते शोधायला जावईबापूंना फार लांब जावं लागलं नाही. पाऊल एकचा मालक त्यांचा ड्रायव्हर. पाऊल चारची मालकीण त्यांची मुलं सांभाळणारी बाई. ती कारखान्यात एकदाच आली, फीत कापायला, आणि पोरगं रडायला लागलं म्हणून अर्ध्यातून गेली. आणि पाऊल तीनचा मालक आमचे हे.

आमचे हे मेस्त्री. विणकामाच्या मशीनला कान लावून कुठली सुई वाकलीय ते सांगणारे. कारखाना बंद होता त्या दिवसांत घरी बसले. पहिले काही महिने त्यांनी आमच्या दारांच्या बिजागऱ्यांना तेल दिलं. मग शेजाऱ्यांच्या. मग वरच्या मजल्यावरच्यांच्या. शेवटी आमच्या इमारतीत एकही दार कुरकुरेना, आणि घरात कुरकुरायला हे एकटेच उरले. नंतर तेही थांबलं, ते जास्त वाईट होतं. माणूस पलंगाच्या कडेला बसून स्वतःच्या तळहातांकडे बघत बसायला लागला की बायकोला कळतं, आता ह्याला काहीही करून घराबाहेर काढलं पाहिजे.

म्हणून जावईबापूंनी जेव्हा त्यांना बोलावून सांगितलं की तुम्ही आता संचालक, तेव्हा घरात कोणी एक प्रश्न विचारला नाही. मी टाय बांधायला शिकले. संचालक छापलेलं कार्ड खिशात घेऊन हे झोपले. सासूबाईंनी फोनची वही काढून वरपासून खालपर्यंत सगळ्यांना कळवलं, त्यात दोन माणसं वारलेली होती, त्यांच्या घरच्यांनाही.

"माझा मुलगा मालक झाला," त्या म्हणायच्या. "शेवटी हुशारीला किंमत येतेच."

मालकाला सुटे भाग ठेवायची जुनी खोली मिळाली, बाहेर पाटी. मालक सकाळी आमच्याबरोबरच रांगेत उभा राहून हजेरीच्या मशीनवर अंगठा लावायचा. मालकाचा पगार आमच्याबरोबरच यायचा आणि आमच्याबरोबरच उशिरा यायचा. हे सगळ्यांना दिसत होतं. मला दिसत होतं, वन्संला दिसत होतं, सासूबाईंनासुद्धा, चष्मा नसताना. पण एक वाक्य आम्ही घरातल्या सगळ्यात वरच्या फळीवर ठेवून दिलं होतं आणि कोणी स्टूल घेऊन चढत नव्हतं. हे परत जेवायला लागले होते. रात्री झोपेत घोरायला लागले होते. घोरण्याचा एवढा आनंद कुठल्या बायकोला झाला नसेल.

मला त्यांच्या कंपनीत घेतलं नाही. नवरा-बायको एका कंपनीत नकोत, नियमात बसत नाही. बहिणीबद्दल नियमात काही नव्हतं. नियम करणाऱ्याला बहीण नसावी. म्हणून वन्सं भावाच्या हाताखाली आली.

मग पाहुणे आले.

राजधानीतला एक अधिकारी, दोन परदेशी, एक दुभाषी मुलगी. नव्या उद्योगांची पाहणी. आदल्या दिवशी रेघा परत रंगवल्या, आणि रंग ओला असल्यामुळे सकाळी सगळ्या कंपन्यांची पावलं सगळ्या कंपन्यांत उमटली होती. ती घासून काढायला दोघी बायका लावल्या. जावईबापू त्या दिवशी साधा शर्ट घालून आले. कागदावर ते कोणाचेच मालक नाहीत. सहाही कंपन्यांचे सल्लागार आहेत, विनामूल्य.

"हे पाऊल तीनचे संस्थापक," त्यांनी ह्यांची ओळख करून दिली.

परदेशी बाईंनी दुभाषीतर्फे विचारलं, "स्वतःचा उद्योग सुरू करायची प्रेरणा तुम्हाला कुठून मिळाली?"

ह्यांनी टाय सारखा केला. बराच विचार केला. "साहेबांनी सांगितलं," म्हणाले.

दुभाषी मुलगी हुशार होती. तिनं त्याचं पुष्कळ लांब काहीतरी भाषांतर केलं. बाईंनी छातीवर हात ठेवला. मी पाचमधून, आकार दिलेल्या मोज्यांच्या ढिगाआडून, हे सगळं बघत होते आणि जोड्या लावत होते. त्या दिवशी माझ्या हातून किती लंगड्या जोड्या गेल्या देव जाणे.

तेवढ्यात पाऊल दोनमधल्या एका मशीनची सुई तुटली.

सुई तुटली की मशीन थांबत नाही. ते विणतच राहतं, आणि मोज्याला वरून खाली शिडीसारखी फट पडत जाते. एकामागून एक मोजे वाया. वेळेवर थांबवलं नाही तर शेजारच्या सुयाही जातात. त्या मशीनवरची मुलगी पास घेऊन सहामध्ये गेलेली, कशासाठी ते सांगायला नको. जुन्या कारखान्यात एक रीत होती, झाडूवाल्यापासून मॅनेजरपर्यंत सगळ्यांच्या अंगात भिनलेली: ज्याला दिसलं त्यानं थांबवायचं. विचारायचं नाही, मशीन कोणाचं ते बघायचं नाही. हांडेल खाली ओढायचं, मग काय ते बोलायचं. आम्हा बायकांचे हात तर घरीसुद्धा उतू जाणाऱ्या दुधाकडे जाण्याआधी अशा हांडेलाकडे जातील.

वन्संनं मान वर केली, शिडी बघितली, आणि उठली. रेघ ओलांडून पाऊल दोनच्या लाल एप्रनवाल्यांत गेली, हांडेल ओढलं, आणि परत येऊन आपल्या जागेवर बसली. पास नाही, काही नाही. तिला स्वतःला कळलंही नाही आपण परमुलखात जाऊन आलो ते.

राजधानीच्या अधिकाऱ्याला कळलं.

"ही हिरव्या एप्रनची बाई लालांच्या मशीनला हात कशी लावते?"

जावईबापू हसले. "सहकार्य, साहेब. शेजारधर्म."

"शेजारधर्म ठीक आहे," अधिकारी म्हणाला. तो हसला नाही. "पण ह्या सहा स्वतंत्र कंपन्या आहेत ना? का एकच कारखाना आहे?"

परदेशी पाहुण्यांनी दुभाषीकडे बघितलं. दुभाषीनं या खेपेला काहीच भाषांतर केलं नाही.

"स्वतंत्र म्हणजे, एकदम स्वतंत्र," जावईबापू म्हणाले. "आता बघाच तुम्ही. कामगारानं दुसऱ्या कंपनीच्या उत्पादनात ढवळाढवळ केली तर इथले संचालक क्षणभर गय करत नाहीत. मला विचारतसुद्धा नाहीत." आणि त्यांनी ह्यांच्याकडे बघितलं. नुसतं बघितलं. दुकानदार पोऱ्याकडे बघतो तसं.

हे वन्संच्या मशीनपाशी गेले. सख्ख्या बहिणीला लोकांसमोर अहोजाहो करावं की अगंतुगं, ह्यात त्यांची जीभ अडकली.

"उद्यापासून," ते म्हणाले, "तू येऊ नका."

वन्सं हसली. तिला वाटलं, पाहुण्यांपुढचं नाटक. मलाही तेच वाटलं. घरी जाताना आम्ही दोघी रस्ताभर "तू येऊ नका, तू बसू नका, तू जेवू नका" करत हसत गेलो. दुसऱ्या दिवशी सकाळी वन्संनं अंगठा लावला आणि हजेरीच्या मशीननं तिला ओळखलं नाही. पुसून लावला. दुसरा लावला. मागे रांग खोळंबली. रांगेत तिच्यामागे तिसराच उभा होता तिचा मालक, आणि तो बुटांकडे बघत होता.

परदेशी बाईंच्या अहवालात म्हणे पाऊल तीनचं फार कौतुक आहे. निर्णय झटपट होतात, असं लिहिलंय. माणूस काढायला पूर्वी वर्ष लागायचं, आता एक वाक्य लागतं. तेही धड नसलं तरी चालतं.

वन्संचा नवरा परदेशात ट्रक चालवायला गेला तो गेलाच. फोन येतो. फोनवर रडतो. रडण्यानं फी भरता येत नाही. मुलगी नर्सिंगला आहे, अर्धी शिकून झालेली. अर्ध्या नर्सला कोण विचारतं? गावात नव्या दुकानांत मुली लागतात, पण पंचविशीच्या आतल्या आणि उभ्या राहणाऱ्या. वन्संचे गुडघे बसून काम केल्यानं गेलेत. मोज्यांची तोंडं शिवणं ही एकच गोष्ट तिला जन्मात येते, आणि तसला कारखाना गावात एकच. किंवा सहा.

हे जावईबापूंकडे दोनदा जाऊन आले. दुसऱ्यांदा काय बोलणं झालं ते त्यांनी मला सांगितलं, टाय सोडता सोडता.

"म्हणाले, कंपनी तुमची, निर्णय तुमचा. मी आपला सल्लागार. सल्ला विचाराल तर, तिला परत घेतलीत तर पाहणी परत येईल. मग तीन बंद. एकोणीस घरं तुमच्या डोक्यावर."

"मग तुम्ही काय म्हणालात?"

"काय म्हणणार? आभार मानले."

आभार! मी टाय हातात घेतला आणि तो कपाटात टांगला. जोरात टांगला इतकंच.

वन्सं श्रम कार्यालयात गेली तेव्हा मी अर्धा दिवस रजा टाकून तिच्याबरोबर गेले. तिसरा मजला, लिफ्ट बंद, लिफ्टच्या दारावर कारभार गतिमान केल्याबद्दलचं पोस्टर. अधिकारी बाई माझ्याच वयाच्या. नाक सर्दीनं लाल, टेबलावर रुमालांचा ढीग, आणि पूर्वी सहा जणांचं असलेलं ते सगळं ऑफिस आता एकट्या त्यांचं. सुधारणा त्यांच्याकडेही येऊन गेली होती.

त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मोजा कुठे सुरू होतो, कुठे संपतो, संडास कुठे, सगळं.

"हा एकच कारखाना आहे," त्या नाक शिंकरून म्हणाल्या. "आंधळ्यालाही दिसेल. एकच कारखाना असेल तर माझ्या परवानगीशिवाय तुम्हाला काढता येत नाही, आणि मी ती देणार नाही. पण आता नुसतं मला दिसून उपयोग नाही. पूर्वी मी जाऊन बघायची आणि लिहायची. आता मी फक्त समोर बसलेल्यांना विचारायचं आणि ते म्हणतील ते लिहायचं. पाऊल तीनचा मालक इथे येऊन म्हणाला, मी मालक नाही, मी नोकर आहे, तर सहाच्या सहा कंपन्या एका झटक्यात एक होतील. तुमची नोकरी तुमच्याकडे. तो म्हणाला मी मालक आहे, तर वीसच्या आतली कंपनी. माझे हात बांधलेले."

"आणि तो म्हणाला, मी नोकर आहे, तर त्याचं काय होईल?" वन्संनं विचारलं.

"संचालक राहणार नाही," बाई म्हणाल्या. "कामगार राहील की नाही ते तुमच्या त्या सल्लागारांना विचारा." मग रुमाल शोधता शोधता म्हणाल्या, "कोण आहे हा माणूस? समंजस आहे का?"

"माझा भाऊ आहे," वन्सं म्हणाली.

बाईंनी रुमाल शोधायचं थांबवलं.

परत येताना जिन्यात वन्संनं माझा हात धरला. "वहिनीसाहेब, तू दादाला काही सांगायचं नाहीस."

"त्यांना सांगायचं काय आहे त्यात? त्यांना ठाऊक नाही का?"

"ठाऊक असणं निराळं. परत पलंगाच्या कडेला जाऊन बसला तर? तेव्हा मी रोज संध्याकाळी यायचे ना, मी पण बघितलंय."

बाईंनी सगळ्यांना सुनावणीला बोलावलं. तिच्या आदल्या संध्याकाळी सासूबाईंनी वन्संला आणि भाचीला जेवायला बोलावलं. सगळे गोल बसलो. बोलायचं एकच होतं, म्हणून बाकी सगळं बोललो. पाण्याच्या टाकीबद्दल. भाचीच्या वसतिगृहातल्या ढेकणांबद्दल. ढेकणांवर तर आम्ही एवढं बोललो की त्यांनी ऐकलं असतं तर संकोचले असते.

मग हेच म्हणाले, "बाजाराची परिस्थितीच अशी आहे की उद्योजकाला कधीकधी..."

"दादा, मीठ दे," वन्सं म्हणाली.

त्यांनी मीठ दिलं. "म्हणजे भावना आणि व्यवसाय ह्यांची..."

"पाणी पण दे."

"मालकाला कठोर व्हावंच लागतं," सासूबाई म्हणाल्या आणि वन्संच्या ताटात, तिनं नको म्हणत असताना, दुप्पट वाढलं. "त्याचे वडील असते तर त्यांनाही अभिमान वाटला असता." मुलगा मालक आणि मुलगी रस्त्यावर, ह्यात आईनं कुठल्या बाजूला अभिमान वाटून घ्यायचा?

भाची सरळ मुलगी आहे. तिनं विचारलं, "मामा, उद्या ते विचारतील तेव्हा तू काय सांगणार?"

ह्यांनी माझ्याकडे बघितलं. मी तेव्हा बोलायला हवं होतं म्हणाल, तर बोलून बघा. मी त्या माणसाचे तळहात बघितले, आणि म्हटलं, "आणखी कोणाला भात?" लाजबीज काही वाटली नाही. राग आला. ह्यांचा नाही, सासूबाईंचाही नाही. पिवळ्या रंगाच्या डब्यांचा. कुणीतरी कुठल्याशा थंडगार खोलीत बसून एक आकडा लिहितो, वीस, आणि इथे एका पंगतीत बसलेल्या माणसांच्या तोंडाला टाके पडतात.

सकाळी मी टाय बांधला. गाठ घट्ट बसेना. दोनदा सोडली.

"तू येऊ नकोस," हे म्हणाले. ह्या वेळी व्याकरण नीट होतं.

"मी तुमच्यासाठी येत नाहीये," मी म्हटलं.

श्रम कार्यालयात चार खुर्च्या होत्या आणि आम्ही पाच जण. बाई टेबलामागे. एका बाजूला वन्सं आणि मी. समोर हे. जावईबापू कोपऱ्यातल्या खुर्चीवर, पायावर पाय टाकून. मला जागा नव्हती, मी उभी राहिले. जावईबापूंना उठावंसं वाटलं नाही.

"आपण कोण?" बाईंनी त्यांना विचारलं.

"मी कोणी नाही. सल्लागार. मदतीला आलोय. ही साधी माणसं, घाबरतात."

"घाबरायचं असेल तर घाबरू द्या," बाई म्हणाल्या. त्यांनी ह्यांच्याकडे वळून बघितलं. "पाऊल तीनचे मालक आपण?"

हे उठून उभे राहिले. बसून सांगता आलं असतं. "हो."

"ह्या बाईंना कामावरून काढायचा निर्णय आपला? स्वतःचा?"

ह्यांनी कोपऱ्यात बघितलं नाही, हे मी मुद्दाम पाहिलं. खिडकीकडे बघितलं. खिडकीबाहेर समोरच्या इमारतीची भिंत होती. "हो. माझाच."

"कोणी सांगितलं म्हणून नाही?"

"नाही."

जावईबापूंनी मान डोलावली. बाईंनी एक श्वास घेतला, तोही नाक बंद असल्यानं तोंडानं, आणि वन्संकडे वळल्या.

"तुम्हाला काही म्हणायचंय? हे म्हणतात ते मालक आहेत. तुम्हाला हे मान्य नसेल तर आत्ताच सांगा. मी तेही लिहीन, आणि मग चौकशी लावता येईल. लांबेल, पण लावता येईल. नंतर सांगून उपयोग नाही."

मला वाटलं, आता. सांग ग बाई. तोंड शिवायचा धंदा तुझा, पण मोज्यांचं. तुझं कधी कोणाला शिवता आलंय? मी तिच्या खुर्चीच्या पाठीवर बोटं दाबली.

वन्संनं भावाकडे बघितलं. इस्त्रीच्या शर्टाकडे, टायच्या त्या वाकड्या गाठीकडे, खिशातून डोकावणाऱ्या कार्डाच्या कोपऱ्याकडे. बहीण भावाकडे बघते तसं नाही, आजारी पोर शेवटी झोपलंय का ते आई वाकून बघते, तसं.

"हो मॅडम," ती म्हणाली. "दादाच मालक आहे. पहिल्यापासून तोच. त्यानं काढलं ते बरोबर केलं. मी दुसऱ्या कंपनीच्या मशीनला हात लावला. चूक माझी आहे."

बाईंनी पेन खाली ठेवलं. "नीट विचार करून बोलताय?"

"हो. त्याच्या जागी कोणीही मालक असता तर त्यानं हेच केलं असतं."

"ऐकलंत?" जावईबापू खुर्चीतून उठले आणि त्यांनी ह्यांच्या पाठीवर थाप मारून हात तिथेच ठेवला. "ह्याला म्हणतात समज. अशी माणसं असतील तर देश पुढे जायला किती वेळ? चला, मॅडम, शिक्का मारून टाका. संचालकांना कामं आहेत." आणि मग वन्संला, मोठ्या मनानं, "बाई, तुम्ही काही काळजी करू नका. तुम्हीसुद्धा एखादी लहानशी कंपनी काढा. आता काय, कोणीही काढू शकतं."

बाईंनी खण उघडला. शिक्का शोधायला लागल्या. त्यांना तो सापडत नव्हता, किंवा सापडायला नको होता. रुमाल, गोळ्यांची पाकिटं, एक तुटका कंगवा, सगळं टेबलावर आलं. वन्सं मान ताठ ठेवून बसली होती. तिच्या मांडीवरचे हात मात्र ऐकत नव्हते. उजव्या हाताची बोटं डाव्या हाताच्या बोटांवर अदृश्य टाके चढवत होती, एकेक, जसे ती रोज मशीनच्या काट्यांवर चढवायची.

हे तिच्या हातांकडे बघत होते.

शिक्का सापडला. बाईंनी तो शाईवर दाबला.

"मॅडम," हे म्हणाले. त्यांनी जावईबापूंचा हात पाठीवरून, धूळ झटकावी तसा, बाजूला केला. "ती खोटं बोलतेय. माझ्यासाठी बोलतेय. लहानपणापासूनची खोड आहे तिची. मी मालक नाही. मी कधीच नव्हतो. मालक हे इथे उभे आहेत. मी ह्यांच्याकडे मेस्त्री आहे, मला पगार हे देतात, आणि बहिणीला काढायला मला ह्यांनीच लावलं."